नसीम आपांची गाडी

नसीम आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. अकोल्याच्या दवाखान्यातून त्यांचे पती रशीदभाई बोलत होते. “नसीम गेली,” एवढंच म्हणाले... वर्ग सोडून द्यावासा वाटला, पण आपा रागावल्या असत्या. मी शिकवत राहिले.

अंजनगाव सुर्जीच्या बालवाडीत मी त्यांच्या हाताखाली लागले, ती कपाशीनं पाठ फिरवलेली वर्षं होती. घरातली मोठी माणसं गप्प झाली होती आणि त्यांचं पाहून मुलंही. रशीदभाईंचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मोडक्या टेपच्या मोटारी लावून आपांनी त्यांच्याकडून एक छोटी गाडी करून घेतली. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या त्यांच्या लेकीनं त्यात चिप बसवली. पाठीवर बटणं होती : पुढे, डावीकडे, उजवीकडे. मुलांनी आधी वाट ठरवायची, क्रमानं बटणं दाबायची, मग गाडी तशीच चालायची. आपा तिला ऐटीत रोबोट म्हणत.

तपासणीला आलेले साहेब चिडले. “इथं लोकं मरून राहिले, अन् तुमी रोबोट खेळवता?”

“साहेब,” आपा म्हणाल्या, “घरी या पोट्ट्यायच्या कानावर एकच पडते, नशीब. इथं गाडी भिंतीले धडकली तं पोट्टे म्हणतात, बटण चुकलं, पुन्हा दाबू. मले हेच शिकवायचं हाये.”

गाडी बंद करा, असा लेखी हुकूम आला. आपांनी सही केली आणि त्याच दुपारी घरातली पुढची खोली रिकामी केली. बालवाडी सुटली की मुलं तिथं. “नोकरी गेली तर?” मी विचारलं.

“गेली तं गेली. घर तं माझं हाये ना.”

पाच वर्षांची कविता वडील गेल्यापासून बोलत नव्हती. कितीतरी दिवस कोपऱ्यातून नुसती पाहायची. एकदा गाडी पाटावर आदळली, सगळे हसले. “एक डावं कमी पडलं,” कविता म्हणाली. आपांनी ना कौतुक केलं, ना जवळ घेतलं. “मंग दाब ना,” म्हणाल्या. डोळे पुसायला मी बाहेर गेले...

आपांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीच्या जमिनीवर गाडीच्या वाटेसाठी आपांनी ऑइलपेंटनं आखलेले चौकोन तसेच होते. पाहुणे रशीदभाईंना नवी फरशी बसवायचा आग्रह करत होते. “नाई बसवत,” ते म्हणाले. “पोरं येतात.”

चार वाजता पोरं आली. मी उभी होते तोच चौकोन एका चिमुरडीला हवा होता. “बाई, सरका,” ती म्हणाली. मी सरकले.