कणसरांच्या डोक्यावरचे गणपती

"काय म्हणताय, सर?" असे विचारले की कणसर उत्तर देत, "दोन वाढले." पेणच्या रामवाडीत नवा आलेला माणूस साखर समजून पथ्य सुचवी. जुन्यांना माहीत होते की कुठल्या तरी दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखात सरांच्या लेखाचा उल्लेख केला आहे. अशा उल्लेखाला सायटेशन म्हणतात. शास्त्रज्ञाची पत अशा उल्लेखांच्या बेरजेवर ठरते.

सर रोह्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. अवकाशातून पृथ्वीवर अखंड कोसळणारे सूक्ष्म कण, म्हणजे विश्वकिरण, हा त्यांचा विषय. पेण-रोहा गाडीत शेजाऱ्याला ते सांगत, "आत्ता तुमच्या टकलातून एक आरपार गेला." शेजारी डोक्यावरून हात फिरवी आणि बहुधा नागोठण्याच्या आत जागा बदली.

कण मोजणारे यंत्र त्यांनी स्वतः जोडून घराच्या मागल्या खोलीत बसवले होते. त्या खोलीत त्यांच्या पत्नीला साधा स्टीलचा डबा ठेवायची मुभा नव्हती. कणांच्या वाटेत काही यायला नको! हवेचा दाब, उष्मा, दमटपणा या सगळ्यांचा परिणाम सर हिशेबातून काटेकोर वजा करत. त्यांच्या पत्नी शाळेत शिकवत; गाव त्यांना बाई म्हणे. बाईंचे म्हणणे, "आकाशातलं सगळं यांना कळतं. दूध उतू गेलेलं कळत नाही."

या चिकाटीतून सरांना एक गोष्ट आढळली. वर्षभर कण हळूहळू कमी होत जातात आणि भाद्रपदाच्या तोंडावर एकदम वाढतात. परदेशी नियतकालिकाने तो लेख छापला. उल्लेख होऊ लागले. 'पेणच्या शास्त्रज्ञाला गवसले विश्वकिरणांचे ऋतुचक्र' अशी चौकटीतली बातमी आली. कॉलेजने प्रोफेसरपदासाठी त्यांचे नाव पाठवले. अर्जात दाखवण्याजोगे होते ते हेच.

मुलाखत महिन्यावर आली असताना कण चैत्रातच वाढले. सर चक्रावले आणि वारा घ्यायला गच्चीवर गेले. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे भाडेकरू तात्या यांचा मूर्तींचा कारखाना होता. शेड रिकामी होती. यंदा सगळेच गणपती परदेशी जायचे होते आणि ते आदल्या दिवशी ट्रकमधून रवाना झाले होते.

वर्षभर खोलीच्या बरोबर डोक्यावर मूर्ती आणि शाडूच्या गोण्या साचत आणि काही कण तिथेच अडत. भाद्रपदाच्या तोंडावर गणपती विकले गेले की ते खाली येत. इतक्या वर्षांत हे सरांच्या ध्यानात आले नाही, याचे पेणमध्ये कोणाला नवल वाटणार नाही. इथे डोक्यावर गणपती असणे ही नोंदण्याजोगी बाब नाही.

"म्हंजे बाप्पानं अडवले तुमचे कण?" तात्यांनी विचारले.

"हो."

"मग आमाला काय जागा खाली करायला सांगताव?"

"तुम्ही राहा. मी लेख दुरुस्त करतो."

प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला. "अहो, मुलाखत तोंडावर आलीय. ती होऊ द्या, मग काय ते प्रामाणिक व्हा."

"तोवर आणखी चारजण माझ्यावर विश्वास ठेवतील," सर म्हणाले. त्यांनी त्याच दिवशी दुरुस्ती पाठवली. त्यात गणपतीचा उल्लेख 'छतावरील हंगामी भार' असा होता.

मुलाखत लांबत गेली. दरम्यान दुरुस्ती छापून आली आणि उल्लेख दुपटीने वाढले. 'अशी चूक टाळावी' हे सांगायला जगभर सरांचा दाखला दिला जाऊ लागला.

"उत्तम प्रभाव आहे," मुलाखत समितीचे अध्यक्ष आकडा पाहून म्हणाले.

"यातले बरेच माझी चूक दाखवतात. ते वजा करा."

"वजा करायला रकाना नाही हो. पुढचा प्रश्न."

सर प्रोफेसर झाले. घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "चुकून का होईना, झालात एकदाचे." सत्काराला मात्र ते गेले नाहीत. कण मोजणारे यंत्र त्यांनी रोह्याजवळच्या अष्टमी गावात, वर निव्वळ कौले असलेल्या एका खोलीत नेले. तिथे वर्षानुवर्षे मोजून 'ऋतुचक्र आढळले नाही' असा लेख लिहिला. त्याचा उल्लेख कोणीही केला नाही. सर त्याला आपला एकमेव खरा लेख म्हणत.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेत प्राचार्य गहिवरून म्हणाले, "विश्वकिरणांचे ऋतुचक्र जगाला देणारा संशोधक आपण गमावला." माना हलल्या. वार्ताहरांनी वाक्य टिपून घेतले.

पहिल्या रांगेतून बाई उठल्या.

"ऋतुचक्र वगैरे काही नव्हतं. ते चुकले होते. आणि चुकलो हे त्यांनीच सांगितलं, मुलाखतीच्या आधी. मी नको म्हणत असताना." त्या वार्ताहरांकडे वळल्या. "छापायचं तर हे छापा."

वार्ताहरांनी एकेक करून वहीतले वाक्य खोडले.