गुडघ्यातलं सिमेंट

माणसाचं मांस झडतं, नाव पुसलं जातं, शेवटी टिकतं ते हाड. शोकसभांत हे वाक्य ऐकून मीही गंभीरपणे मान हलवली आहे. माझ्या उजव्या गुडघ्याखालचं हाड मात्र चौतिसाव्या वर्षीच आतून पोकळ झालं होतं. रंकाळा तलावाच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यात कळ आली, तेव्हा ते कळलं.

निदान झालं जायंट सेल ट्यूमर. कॅन्सर नव्हे, पण ही गाठ काढली तरी त्याच जागी पुन्हा येऊ शकते. आली तर गुडघा काढून कृत्रिम सांधा बसवावा लागेल, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं. ते टाळायचं म्हणून मॅडम हाडाला खिडकी पाडून गाठ खरवडणार, आतली भिंत घासणार आणि पोकळीत सिमेंट भरणार होत्या.

सोबत आलेले माझे मामा तोवर दबून बसले होते. पेठ वडगावात चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. ‘सिमेंट’ ऐकताच ते खुर्चीत पुढे सरकले.

“मॅडम, जुनं समदं खरवडा बरं का. न्हाईतर नवं धरत न्हाय.”

“तेच करणार आहोत.”

“आन् पाणी किती दिस मारायचं?”

“पाणी अजिबात नाही. हे सिमेंट पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतं.”

भाच्याला कुणीतरी फसवतंय, अशा नजरेने मामांनी माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशन होऊन घरी आलो, तर तिसऱ्या दिवशी ते ओलं गोणपाट घेऊन कॉटपाशी उभे. मामीने ते हिसकावलं.

“अवं, भाचा हाय तुमचा, स्लॅब न्हाय!”

पुढे दर चार महिन्यांनी एक्स-रे. मामा प्रत्येक वेळी हजर. फिल्म खिडकीकडे धरून ते जुनं हाड आणि नवं सिमेंट यांचा जोड न्याहाळत. “गळती जोडातनंच सुरू हुतिया,” ते म्हणाले, तेव्हा मॅडम हसल्या. त्याही तिथेच बघत होत्या.

परवा दोन वर्षं झाली. मामांनी फिल्म धरली आणि जोडावर बोट ठेवलं.

“हितं काळी रेघ हाय की.”

मी ती फिल्म ओढून मॅडमपुढे धरली. मॅडमनी जुन्या फिल्मा काढून शेजारी लावल्या. “ही बारीक रेघ सिमेंटभोवती असतेच. रुंद झाली तर काळजी. ही पहिल्यापासून तेवढीच आहे.” त्यांनी पट्टीने मोजूनही दाखवली. “गाठ परत आलेली नाही.”

मामांनी मला पाठीत असा गुद्दा घातला, की गुडघ्यापेक्षा पाठ जास्त दुखली. बाहेर पडून आम्ही थेट मटणाच्या ताटावर बसलो. मामांनी पांढरा रस्सा पाच वेळा मागितला.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. मॅडमनी दिलेली तारीख मामांनी काउंटरवर बदलून घेतली. त्या दिवशी सोमवार येत होता आणि सोमवारी ते मटण खात नाहीत.