मी गाडीखाली वाकलो नाही

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाच नीट कळत नाही.

मी सुरतेजवळ कडोदऱ्याला यंत्रमागांचा मिस्त्री होतो. आम्हा खानदेशी लोकांची तिथे एक समजूत — ज्याच्या हातात पाना, त्याला सगळीच मशिनं कळतात. कुणाचा पंखा बिघडला, बोलवा मला. आणि मी जायचो हो. मान कुणाला नको असतो?

शेजारचे भिकननाना जुनी पेट्रोल जिप्सी घेणार होते. सगळं घर मावेल अशी, चारी चाकांनी ओढणारी. त्यांच्या गावाच्या वाटेवर नाला होता, पावसाळ्यात साधी गाडी तिथे रुतायची. आणि सून पोटुशी, गावीच राहणारी. नाना मला म्हणाले, "तू देखी ले भाऊ, मंग घेऊ."

गाडीतलं मला काय कळत होतं? डोंबल! पण गल्लीतली दहा माणसं बघत होती. बॉनेटला कान लावला, चारी चाकांना जोर देणारा गिअरजवळचा दांडा मागेपुढे केला, आणि म्हणालो, घ्या. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता — खाली वाकलो नाही. नारळही नानांनी माझ्याच हातून फोडवून घेतला.

श्रावणात गावी सुनेला कळा सुरू झाल्या. गाडी घेऊन गावी गेलेला नानांचा मुलगा रवी तिला दवाखान्यात न्यायला निघाला, आणि भर दुपारी गाडी नाल्यात रुतली. त्याने दांडा टाकला. पुढची चाकं फिरलीच नाहीत. बैल लावून गाडी काढेपर्यंत फार उशीर झाला होता. सून वाचली. बाळ गेलं.

पण माझा गुन्हा एवढाच नाही — एवढाच असता तर?

नानांनी गाडी मला पुन्हा दाखवली. या वेळी मी खाली शिरलो. पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच नव्हता. आधीच्या मालकाने पेट्रोल वाचवायला काढला असणार. बोल्टांची रिकामी भोकं — ती मलाही कळली.

नानांनी विचारलं, "गाडीमा खोट व्हती का?"

रवी शेजारीच उभा होता. मी हात पुसले.

"खोट काही नाही, नाना. दांडा नीट पडला नसेल."

रवीने किल्ली नानांच्या हातात ठेवली. पुढे त्याने कधीच गाडी चालवली नाही. जिप्सी विकली. नाना गेले ते मुलाची चूक मनात धरूनच.

रवी अजून आमच्याच गल्लीत राहतो. घरातलं काही बिघडलं की मलाच बोलावतो, आणि मी जातो.