त्या कागदावरची माझी सही

सरांनी मला हात पुढं करायला लावला. तळहातावर मुठेलाचा गोळा. म्हणाले, "सगळ्यांना वास दे. बघू दे पोरांना, आमच्या यंत्राला काय काय खायला मिळतं ते."

मी बारा-पंधरा जणांपुढनं फिरले. एकेक विद्यार्थी वाकायचा, वास घ्यायचा, नाक मुरडायचा. एक पोरगी म्हणाली, "ईऽऽ, हे तर पायाला लावतात ना?" सर हसले. मग सगळे हसले. मी पण हसले. तेच मला आजपर्यंत खातंय. रडले असते तर चाललं असतं. मी हसले.

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेला तवंग काढून मुठीत दाबून गोळा करायचा. आमच्याकडं जोयड्याच्या रानात सगळ्या घरांत असतं. पायाच्या भेगांना, कुरकुरणाऱ्या दाराला, गाडीच्या आसाला. माझी आय ते करायची. तिच्या हातचं मुठेल पार गुंद गावापर्यंतच्या बायका मागून न्यायच्या.

मी फिटरचा कोर्स केलेली. आमच्या गावातली पहिली बाई. विद्यापीठानं जोयड्यात एक छोटी प्रयोगशाळा काढली तेव्हा कंत्राटावर लागले. आम्ही परसात लावतो ती कंदमुळं, त्यांच्यावर तिथं अभ्यास चालतो. कंदाच्या चकत्या आधी गोठवायच्या, मग एका यंत्रात ठेवून पंपानं आतली हवा ओढून घ्यायची. हवा गेली की बर्फाचं पाणी न होताच तो उडून जातो आणि चकती कोरडी होते. यंत्र एकच. तीन सरांचे विद्यार्थी आळीपाळीनं वापरणार. वापरणार ते, आणि तेल बदलणार, रबर पुसणार, पंप उघडणार ती मी. यंत्राजवळ एक रजिस्टर असतं. त्यात वापरणाऱ्याचं नाव, वेळ, आतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा कुठं थांबला ते लिहायचं. तेल बदलणारीचा रकाना त्यात न्हवता. मला त्यात लिहायची परवानगी पण न्हवती.

विद्यार्थी मला अक्का म्हणायचे. प्रयोगशाळेचे प्रमुख सर "ए, काय गं" म्हणायचे. माझं वय अडतीस.

त्या वेळी झालं असं. यंत्राच्या दाराच्या रबराला लावायचं ग्रीस संपलं होतं. तीनदा लिहून दिलं. आलं न्हाई. रबर कोरडं पडलं, दार कुरकुरायला लागलं. मी घरनं मुठेल आणलं आणि बोटानं पातळ थर दिला. चूक होती. सरळ सांगते, व्हॅक्यूमच्या रबराला असलं काही लावायचं नसतं. ती चूक माझी, ती मी आजही नाकारत न्हाई. पण दुसऱ्याच दिवशी काटा मध्येच अडकला. खाली जाईना. सरांचा एक विद्यार्थी वेदांत, त्याच्या चकत्या आत होत्या, त्या वितळून लगदा झाल्या. दोन महिन्यांचं काम गेलं. सरांनी दार उघडलं, रबरावरनं बोट फिरवलं, हुंगलं, आणि मला बोलावलं.

वास द्यायच्या त्या तमाशानंतर कागद आला. सरांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. "घरून आणलेल्या तेलामुळे पंप निकामी झाला. ही चूक सर्वस्वी माझी आहे." खाली सही. वेदांत समोरच उभा होता. खाली बघत होता. मला वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटतंय.

मला तेव्हा कुणी पंप तपासू दिला न्हाई. बाहेरचा माणूस आला, तेल बदललं, गेला. आणि मी तरी कुठं मागितलं तपासायला? मला खरंच वाटलं, माझ्यामुळंच झालं.

घरी गेले. आय चुलीपुढं बसलेली. तिनं पायाला लावायला गोळा हातात घेतला होता. तो मी हिसकावून घेतला आणि उकिरड्यावर भिरकावला. ओरडले, "हे असलं घाण घरात ठेवायचं न्हाई! माझी नोकरी घालवशील!"

आयनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "माझ्या तेलानं तुझं मशीन बिघडलं व्हय गं?"

मी म्हणाले, "व्हय."

त्या वर्षी तिनं कोकमाच्या बिया कुणाला तरी देऊन टाकल्या. मुठेल केलंच न्हाई. बायका मागायला आल्या तर म्हणायची, "न्हाई गं, आता करत न्हाई. चांगलं न्हवं ते." थंडीत तिच्या टाचा फुटून रक्त यायचं. मी दुकानातली ट्यूब आणून दिली, ती तिनं लावली न्हाई. कामावरनं आले की रोज विचारायची, "मशीन बरं हाय न्हवं?" आजारी पडली तेव्हा पण तेच. ऐन पावसात गेली. शेवटचं शुद्धीतलं बोलणं झालं तेव्हा पण तिनं मशीनचंच विचारलं. मी म्हणाले, "बरं हाय. तू झोप."

त्यानंतर मला ते ऐकू यायला लागलं. भाताच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की. भांडी घासताना. काळी नदीच्या धरणाकडनं बस चढणीला लागली की. मशीन बरं हाय न्हवं? पंप सुरू केला की त्याच्या घरघरीत तर हमखास. मी पंपाला उगाच हात लावून उभी राहायचे. विद्यार्थी म्हणायचे, अक्का काय ऐकतेस एवढं? काय सांगणार, कपाळ!

मग यंदा उळवीची जत्रा आली. मी चार दिवस रजा घेऊन गेले. आयच्या नावानं नारळ फोडायचा होता. परत आले तर काटा अडकलेला. तिथंच, जिथं मागच्या वेळी अडकला होता. अगदी तिथंच.

रबर नवीन होतं. ग्रीसची डबी भरलेली होती.

सर आले. "पुन्हा काय लावलंस?"

"सर, मी चार दिवस उळवीला होते."

"मग जायच्या आधी लावलं असशील. मागच्यासारखंच लिहून दे. वरून विचारणा होते."

मी म्हणाले, "आधी पंप तपासते. मग लिहिते."

तपासायची रीत सोपी आहे. पंप आणि यंत्र यांच्यामध्ये एक झडप असते. ती बंद केली की पंप एकटा पडतो. काटा पंपाच्या बाजूला लावायचा. काटा झरझर खाली गेला तर पंप ठीक आणि गळती यंत्रात, दारात, रबरात. काटा गेलाच न्हाई तर दुखणं पंपाच्याच पोटात. मी झडप बंद केली. दहा मिनिटं उभी राहिले. काटा हलला न्हाई. म्हणजे दाराचा काही संबंधच न्हाई. रबराला मुठेल लावा न्हाईतर तूप लावा.

मग पंपाखालचा स्क्रू सोडला, तेल काचेच्या भांड्यात घेतलं. पातळ झालेलं. आणि वास! स्पिरिटचा भपकारा. पाण्याची वाफ पंपापर्यंत येऊ नये म्हणून मध्ये एक थंड भांडं असतं, त्यात ती गोठते. स्पिरिटची वाफ गोठत न्हाई. थेट पंपात जाते, तेलात मिसळते, पंप ओढायचा थांबतो. म्हणूनच भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, स्पिरिटमधले नमुने ठेवू नयेत.

मी रजिस्टर उघडलं. आदल्या दिवशीचं नाव वेदांतचं. मागच्या वेळचं पान काढलं. तिथं पण वेदांत.

वेदांतला विचारलं. तो लगेच रडकुंडीला आला. "अक्का, घाई होती. थोडंसंच स्पिरिट होतं. मला वाटलं चालेल."

"मागच्या वेळी पण?"

त्यानं होकाराची मान हलवली.

मला बसायला स्टूल शोधावं लागलं. मला वेदांतचा राग नंतर आला. आधी आयच्या टाचा दिसल्या. मरेपर्यंत ती बाई स्वतःला गुन्हेगार समजत होती. एका पंपासाठी, जो तिनं कधी बघितलापण न्हाई. आणि तिला "व्हय" म्हणणारी मी होते. सर न्हवते. मी.

भांडं घेऊन सरांकडं गेले. सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "बरं. तेल बदल. पण कागद तूच दे. ह्याची पीएचडी अडकेल. तुझं काय जातंय?"

तुझं काय जातंय. कसले शब्द! चढा आवाज न्हाई, शिवी न्हाई. प्रेमानंच म्हणाले.

"माझी आय गेली सर त्यात," मी म्हणाले. "न्हाई देत."

"काय?"

"सही देत न्हाई. आणि मागचा कागद मला परत पाहिजे."

"कंत्राट मार्चमध्ये संपतंय, माहिती आहे ना?"

"हाय माहिती."

मी खोलीत आले. रजिस्टर उघडलं. रकाना न्हवता, म्हणून पट्टी घेऊन मीच आखला. पंप एकटा पाडून तपासला, काटा हलला न्हाई, तेलात स्पिरिट, दार निर्दोष. पुढं माझं नाव, पूर्ण. आडनावासकट. विद्यार्थी बघत होते. या खेपेला कुणी हसलं न्हाई. हसले असते तरी मी लिहिलंच असतं.

मागचा कागद अजून फायलीत आहे. ऑफिसात तीन अर्ज दिले. उत्तर न्हाई. चौथा पिशवीत आहे. सर आता माझ्याशी बोलत न्हाईत, माझ्या बदली कुणी मिळतं का ते बघतायत म्हणे. बघू दे.

आयला सांगायचं राहिलं, ते राहिलंच. त्याला आता औषध न्हाई, आणि मला कुणी समजावू पण नये. पण "घरून आणलेल्या तेलामुळे" हे शब्द माझ्या अक्षरात लिहिलेत आणि ते खोटे आहेत. नोकरी राहू दे न्हाईतर जाऊ दे, मी त्या ऑफिसच्या दाराशी जात राहणार, मागत राहणार. ज्या दिवशी कागद हातात येईल त्या दिवशी सगळ्यांसमोर, त्याच खोलीत, ती ओळ मी माझ्या हातानं खोडणार.