मेंदू उघडा ठेवून घातलेलं गाऱ्हाणं

वालावलच्या महादू धुरीचं सगळं आयुष्य दुसऱ्यांसाठी देवाशी बोलण्यात गेलं. कुणाची गाय आटो, कुणाचा मुंबईकर मुलगा बढतीला अडो, देवळात गाऱ्हाणं घालायला महादूच. तो एकेक मागणं ठणकावून सांगून थांबायचा. मागची मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची, मगच पुढचं. देव कंटाळला की नाही ठाऊक नाही, महादू मात्र कंटाळला होता.

त्यात डोकं ठणकू लागलं, शब्द निसटू लागले. एकदा गाईऐवजी ‘मांजर दूध देऊ दे’ म्हणाला, तर मंडळींनी सवयीने त्यालाही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

गोव्याच्या हॉस्पिटलात मशिनीत आडवा होऊन होऊन तो पार शिणला. शेवटी डॉक्टर तेजस्वीने त्याचाच मेंदू त्याच्यापुढे ठेवला. स्कॅनवरून छापलेला, प्लास्टिकचा. लाल ती गाठ, हिरवी ती बोलण्याची जागा. दोन्ही अगदी खेटून.

“याच्यावर मी दोनदा ऑपरेशन करून पाहिलंय.”

“मगे झाला तर! त्याकाच ठेवा, माका घराक सोडा.”

“गप रवा,” बायको लक्ष्मी कातावली. “वाचा जातली काय ओ, डॉक्टर?”

“जाऊ नये म्हणून तर हा खटाटोप. काकांना जागं ठेवणार. त्यांनी बोलत राहायचं. बोलणं थांबलं, की मी हात मागे घेणार.”

ऑपरेशनच्या टेबलावर, बोलत राहायचं म्हणून आकडे मोजून महादू वैतागला. “गाऱ्हाणा घालू?”

“घाला.”

“बा देवा म्हाराजा! ह्या डॉक्टरणीच्या हाताक यश दी रे म्हाराजा!”

आणि महादू थांबला.

तेजस्वीचा हात जागीच गोठला. शेजारच्या प्लास्टिकच्या मेंदूत पाहिलं, तर हिरव्या जागेपासून ती अजून लांब होती. “काका? बोला!”

“काय बोलू, कपाळ? आधी कोणतरी व्हय म्हणा!”

“व्हय म्हाराजा,” तेजस्वी पुटपुटली. मग नर्सही. नंतर भूल देणारा डॉक्टरसुद्धा. त्या तालावर गाठ हळूहळू निघत गेली.

संध्याकाळी लक्ष्मी खाटेशी बसली. महादूचे डोळे मिटलेले, ओठही.

“ओ, कायतरी बोला मां.”

तिने त्याचा खांदा हलवला.

“मी दमलंय गो,” महादू डोळे न उघडता म्हणाला. “उद्या बोलतंय.”

लक्ष्मीने पदराने तोंड पुसलं आणि बाहेर ताटकळलेल्या भावकीला जाऊन सांगितलं, “बोलतत. पण आज कोणी त्यांका बोलूक लावू नकात.”