मन्मथअप्पांचे कान

मन्मथअप्पा पहाटे साडेचारला उठत. गजर लावून उपयोग नव्हता, तो त्यांना ऐकू येत नसे. सवयच उठवायची. अंघोळ, कपाळाला विभूती, गळ्यातल्या लिंगाची पूजा, मग रात्रीची भाकरी दुधात कुस्करून चार घास. उजाडायच्या आत ते माजलगावच्या बाहेर, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये कानस घेऊन बसलेले असत.

घाईला कारण होतं. झाडं तोडणाऱ्या टोळ्या सकाळी लवकर निघतात. त्यांच्या कटरच्या चेनी आदल्या संध्याकाळी अप्पांकडे येऊन पडायच्या आणि टोळी निघायच्या वेळेला धार लावून तयार लागायच्या. बाभळीचं लाकूड चेनीचा जीव काढतं. त्यात बांधावरच्या जुन्या बाभळीच्या पोटात कधी खिळा निघतो, कधी तारेचा तुकडा. मग दात गेलेच.

धार लावणं दिसायला सोपं. गोल कानस दातात घालायची आणि पुढे ढकलायची. फक्त पुढे. मागे येताना उचलून घ्यायची. ओढत आणली तर कानसही मरते आणि दातही. पहिल्या दाताला जेवढे हात दिले तेवढेच शेवटच्याला द्यायचे. माणसाचा एक हात जोरकस असतो, एका बाजूचे दात जास्त खाल्ले जातात आणि मग कटर सरळ उतरत नाही, लाकडात चंद्रकोर काढत जातो. अप्पांच्या धारेचा कटर सरळ उतरायचा. दमल्यावर चेन हातात घेऊ नये, असं ते सांगत. दमलेला हात शेवटच्या दातांशी लबाडी करतो.

हे डोळ्यांचं आणि खांद्याचं काम. कानाचं काम वेगळं होतं, आणि अप्पांचं नाव झालं ते त्यावर.

कटरच्या कार्बोरेटरला एक बारीक स्क्रू असतो. तो आत आवळला की पेट्रोल कमी जातं, बाहेर सोडला की जास्त. कटर रिकामा, पूर्ण रेसवर चालवला की त्याच्या आवाजात थोडी फडफड पाहिजे, दोरीवरचा ओला सदरा वाऱ्यात फडफडावा तशी. लाकडात घातला की फडफड थांबते आणि आवाज एकसारखा होतो. असं असेल तर पेट्रोल पुरेसं जातंय, त्यातलं ऑइल पिस्टनला मिळतंय. रिकाम्यावरच आवाज स्वच्छ किंचाळला तर समजावं, पिस्टन कोरडा पळतोय. थोड्या वेळात तो जाम होणार. ही फडफड कुठे ठेवायची हे वाचून कळत नाही. ऐकावं लागतं.

अप्पा आधी आरा गिरणीत होते, मग टोळीत कटर चालवत, मग दुरुस्तीत आले. कानाला कधी काही लावलं नाही. रुमाल बांधायचे तो थंडीत. पन्नाशीत माणसांचं बोलणं धूसर झालं. उमाबाई होत्या तोवर निभलं. त्या शेडच्या दाराशी गहू निवडत बसत, गिऱ्हाईक काही बोललं की अप्पांच्या दंडाला हात लावून तेच पुन्हा, सावकाश सांगत. गिऱ्हाइकांना म्हणत, "यांना माणसाचं ऐकू येत न्हाई बाबा. मिशनीचं तेवढं येतं." लोकांनी ते उचललं. माजलगाव ते गेवराईपर्यंत टोळ्यांमध्ये ती म्हणच झाली.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत उमाबाई गेल्या.

त्यानंतर अप्पांशी लोक कामापुरतं बोलू लागले. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. गंमत दुसऱ्यांदा ओरडून सांगताना सांगणाऱ्यालाच हसू येत नाही. शेजारच्या छबुबाईंच्या चहाच्या टपरीवर माणसं हसायची आणि अप्पा कपावरून त्यांच्या तोंडांकडे बघायचे. सगळे हसले की तेही हसत. एकदा ते हसले तेव्हा कुणाच्या तरी मयताची गोष्ट चालली होती. त्या दिवसापासून ते चहा शेडमध्येच मागवू लागले.

मुलगी शिवांजली नांदेडला दिलेली. तिचा फोन रोज यायचा. अप्पा प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत, कारण बहुतेक प्रश्न "जेवलात का" असाच असतो. एकदा ती म्हणाली, "अप्पा, सासऱ्यांना दवाखान्यात भरती केलंय." अप्पा म्हणाले, "बरं झालं."  त्यानंतर शिवांजली मेसेज पाठवू लागली. सकाळी एक, संध्याकाळी एक.

तेव्हा अप्पा बीडला गेले. कानाच्या यंत्राच्या दुकानातल्या माणसाने तपासणी केली, डाव्या कानात थोडी जान आहे म्हणाला, आणि एक यंत्र घालून दिलं. म्हणाला, कुणाला तरी फोन लावून बघा. अप्पांनी शिवांजलीला लावला.

"अप्पा? काय झालं? असा मधेच कसा फोन केला?"

"काही न्हाई. सहज."

"तुमी आज ओरडत न्हाई बोलताना."

मागे कुकरची शिट्टी झाली. शिवांजलीने पोराला दटावलं, "हात काढ त्यातून, भाजल." अप्पांना पोराचं "भाजत न्हाई" पण ऐकू आलं. फोन ठेवल्यावर ते यंत्र कानात तसंच ठेवून उभे राहिले. शेवटी दुकानदाराने हात पुढे केला.

"मशीनजवळ मात्र हे काढून ठेवायचं, काका," तो म्हणाला. "नाहीतर उरलंसुरलंही जाईल."

दोन्ही कानांचं यंत्र झेपणारं नव्हतं. एकाचं जमवायचं ठरलं. तेव्हापासून धारेची मजुरी अप्पा प्लगच्या रिकाम्या डब्यात टाकू लागले आणि घर दुरुस्तीच्या पैशावर चालवू लागले. दोन वर्षांनी, दिवाळीनंतर डबा भरत आला. त्यांनी शिवांजलीला मेसेज केला: सोमवारी बीडला जातो. यंत्र घेतो. मग फोन कर.

त्याच आठवड्यात मोहनरावांचा कटर आला.

मोहनरावांची लाकडाची वखार होती. त्यांचा मोठा कटर उत्तरेश्वर चालवायचा. चाळिशी उलटलेला, चकलांब्याचा माणूस. पाठीचा मणका दुखावलेला, म्हणून ओंडके उचलण्यातून सुटून मशीनवर आलेला. कटर चार दिवसांपूर्वीच अप्पांनी ट्यून करून दिला होता. आज उत्तरेश्वरने तो मेलेल्या जनावरासारखा दोन्ही हातांवर आणला. मागून मोहनराव मोटारसायकलवरून उतरले. ते अप्पांच्या डाव्या कानाशी येऊन ओरडले.

"जाम झाला! भर चिंचेच्या बुंध्यात! ह्यानं पेट्रोलात ऑइल कमी टाकलं, दुसरं काय!"

"मालक, ऑइल बरोबर टाकलं व्हतं," उत्तरेश्वर म्हणाला.

"तू गप बे. कावून जाम झाला मग? चिंचेनं धरून ठिवला का?" मोहनराव पुन्हा कानाकडे वळले. "अप्पा, खोला आन् सांगा. तुमी म्हनताल ते परमान. ऑइल कमी निघालं तर खर्च ह्याच्या हजेरीतून, आन् उद्यापासून हा ओंडक्यावर. सांजच्याला येतो."

ते गेले. उत्तरेश्वर बाहेर लिंबाखाली टेकला.

पिस्टन जाम झाला की मेकॅनिक ऑइलला दोष देतो. ही धंद्यातली रीत आहे. ऑइल जळून गेलेलं असतं, साक्षीला उरत नाही. दहातल्या नऊ वेळा ते खरंही असतं.

अप्पांनी ब्लॉक काढला. पिस्टन सायलेन्सरच्या बाजूने ओरबाडलेला, कोरडा. ते बाहेर आले आणि उत्तरेश्वरकडे हात केला. त्याला कळलं. त्याने पेट्रोलचा डबा आणून दिला. अप्पांनी पुठ्ठ्यावर त्यातला एक थेंब टाकला, शेजारी स्वतःच्या डब्यातला एक. पेट्रोल उडून गेलं. मागे ऑइलचे दोन डाग राहिले, सारखेच.

मग त्यांनी कार्बोरेटर बघितला. ट्यूनिंग झालं की अप्पा स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका देत, म्हणजे कुणी पेचकस लावला तर समजावं. ठिपका जसाच्या तसा होता. तो खरवडून त्यांनी स्क्रू पूर्ण आत बसवत फेरा मोजला. एकाहून जास्त भरायला हवा होता. पाऊणही भरला नाही.

अप्पांनी भिंतीला लावलेला दुसरा एक कटर घेतला, दोरी ओढली, पूर्ण रेस दिली आणि स्क्रू आत फिरवला. फडफड ऐकू आली. आणखी आत. फडफड होतीच. बाहेर, तरी तीच. त्यांनी कटर बंद केला. चेन थांबलेली त्यांना दिसत होती.

फडफड चालूच होती.

ती त्यांच्या कानात होती. केव्हापासून होती कुणास ठाऊक. लाकडात घातल्यावरही ती थांबेना, म्हणून ते स्क्रू आवळत आले होते.

दुपार तशीच गेली. छबुबाई चहा ठेवून गेल्या, त्यावर साय धरली. अप्पांनी सगळ्या बाजूंनी विचार केला. ऑइल म्हटलं तर कुणी तपासणार नाही. सोमवारी यंत्र कानात येईल. पण यंत्राने फडफड परत मिळणार नव्हती, ते मशीनजवळ चालतच नाही. खरं बोललं तर यंत्रही जाईल आणि गिऱ्हाईकही. लिंबाखाली उत्तरेश्वर पाठीला बुंध्याचा आधार घेऊन बसला होता. बूड हलवताना दर वेळी तो आधी एक हात जमिनीवर टेकवत होता.

संध्याकाळी मोहनराव आले.

"काय निघालं?"

"ऑइल बरोबर हाय. स्क्रू माझा चुकला."

"काय?"

"आता तुमाला बी ऐकू येईना का?" अप्पा म्हणाले. "स्क्रू म्या आवळला. जास्त. मला मिशनीचं ऐकू येत न्हाई आता."

मोहनरावांनी रस्त्याकडे बघितलं. टपरीवर चारदोन माणसं होती. ते जवळ आले, आणि नेहमीसारखे ओरडायला गेले ते थांबले. मग हाताने आडोसा करून कानाशी म्हणाले, "अप्पा, असलं बोलून दाखवायचं नसतं. तुमी बहिरे हायेत हे काय नवं न्हाई. पर हे बाहेर गेलं तर कटर कोन आनंल तुमच्याकडं? ऑइल म्हना, मिटवा. उत्तरेश्वरचं म्या बघतो."

"काय बघताल?"

मोहनराव खिशात मोटारसायकलची किल्ली चाचपू लागले.

"त्याला मिशनीवरच ठिवा. ब्लॉक-पिस्टन मी टाकून देतो. मजुरी न्हाई."

"लई महाग पडंल."

"ठाऊक हाय. म्याच टाकतो रोज दुसऱ्यांचे."

मोहनराव मोटारसायकलला किक मारून निघून गेले. उत्तरेश्वर पुढे आला आणि काहीतरी बोलला. बरंच बोलला. अप्पा त्याच्या ओठांकडे बघत राहिले, आणि "काय" असं त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. तो गेला.

सोमवारी अप्पा ठरल्याप्रमाणे एसटीने बीडला गेले. जाताना शिवांजलीला मेसेज केला: यंत्राचं पुढे बघू. तिचा उलट आला: का? अप्पांनी लिहायला घेतलं, पुसलं, आणि लिहिलं: काम निघालं. तिने "बरं अप्पा" लिहिलं.

स्पेअर पार्टच्या दुकानात पोऱ्याने दोन खोकी पुढे ठेवली, एक अस्सल आणि एक नकली, निम्म्या किमतीचं. "काका, गिऱ्हाइकाला काय कळतंय?" असं तो म्हणाला असावा, हात तसा झटकला त्याने. अप्पांनी अस्सल खोकं उघडलं, ब्लॉक उजेडात धरला, आतून बोट फिरवलं आणि प्लगचा डबा काउंटरवर ठेवला.

कटर जोडायला एक दिवस लागला. अप्पांनी घाई केली नाही. जुनं गास्केट नखाने खरवडून काढलं, रिंगांची तोंडं खुणेवर बसवली, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा, समोरासमोरचा आवळला. शेवटी स्क्रू राहिला. उत्तरेश्वर आला होता. अप्पांनी त्याला दोन हात अंतरावर उभं केलं आणि हाताने दाखवलं: फडफड असेल तर पंजा असा हलवायचा, गेली तर आडवा धरायचा. त्याने मान डोलावली. कटर सुरू झाला. अप्पा पेचकस फिरवत होते आणि उत्तरेश्वरच्या पंजाकडे बघत होते. पंजा थरथरला, आडवा झाला, पुन्हा थरथरू लागला. तिथे अप्पा थांबले. मग त्यांनी कटरची चेन फिरते ती पट्टी बाभळीच्या ठोकळ्यात उतरवली. पंजा आडवा झाला. त्यांनी ठिपका दिला.

शेडवर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली: फक्त चेनीला धार. कार्बोरेटरचं काम होणार नाही. टोळ्यांनी कटर दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. दुरुस्तीचा पैसा थांबला, आता धारेच्या मजुरीवर घर चालायचं होतं. डब्यात टाकायला काही उरायचं नाही.

उत्तरेश्वर मशीनवर राहिला. मोहनरावांचा कटर धरणाच्या पलीकडच्या बाजूला कडुलिंबाची झाडं पाडत होता. त्यात अप्पांच्या दोन वर्षांच्या पहाटा होत्या: एक ब्लॉक, एक पिस्टन, दोन रिंगा आणि गास्केट. सगळं अस्सल.