शेळकेताई आणि रिकामी जागा

कोल्हारजवळच्या दूध संघात मी रुजू झालो, त्या दिवशी कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख शेळकेताईंनी मला सर्व्हर दाखवलाच नाही. थेट दूध उतरवायच्या धक्क्यावर नेलं आणि दोन भरलेले कॅन पुढ्यात ठेवले. एक गाईच्या दुधाचा, एक म्हशीच्या. "कुलकर्नी, ह्यातलं त्यात आन् त्यातलं ह्यात कर." मी इंजिनिअर, नुसताच बघत राहिलो. "तिसरा रिकामा लागतो, बाबा. जा आता, बस कॉम्प्युटरवर." धक्क्यावरचे सगळे हसले. मला रागच आला, खरं सांगतो.

ताई मिरजगावच्या, शेतकऱ्याघरच्या. "मशिन आन् म्हैस, दोघींनाबी घाई खपत न्हाई," असं म्हणत आणि निवांत चहा पीत.

आमची दुधाची प्रत्येक नोंद प्रोग्रॅमच्या दोन थरांतून जाई. वरचा थर तिला कुलूप लावी, म्हणजे ती सांकेतिक करी; खालचा तिची दुसरी प्रत काष्टीच्या शाखेतल्या मशीनला पाठवी. अडीनडीसाठी ताईंनी दोघांना थोडी थोडी मेमरी वेगवेगळी राखून ठेवलेली. ती कायम रिकामी. मला बघवेना. हुशारी दाखवायला मी ताईंना न विचारताच दोघांचे राखीव वाटे एकत्र केले, आणि ती एकूण जागाही निम्मी केली.

दोनच दिवसांत, सकाळच्या गर्दीत मेमरी भरली. राखीव जागा वरच्या थराने सगळी उचलली. खालच्याचं काम उरकलं की मगच वरचा ती सोडणार. पण खालच्याला हलायलाच जागा नाही. दोघे एकमेकांची वाट बघत बसले. नोंद नाही म्हणून गेटपास नाही, आणि टँकर उन्हात उभा. दूध नासलं असतं तर माझी महिन्याभराची नोकरीही नासली असती.

ताईंनी स्क्रीनवर एक नजर टाकली. "दोन जावांना एकच पातेलं दिलंस व्हय रं? मग सैपाक कसा हुनार?" अहवालांचा प्रोग्रॅम बंद करून त्याची मेमरी त्यांनी खालच्या थराला दिली. नोंदी सुटल्या, टँकर निघाला.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब ओरडत आले, "कोणी केलं हे?"

"हाय एक येडा. नाव मागू नका, परत न्हाई करनार त्यो."

साहेबांनी उगाच तिथे उभ्या वायरमनकडे रोखून पाहिलं. साहेब गेल्यावर ताई मला हळूच म्हणाल्या, "रिकामं दिसलं तरी खालच्याचा वाटा वरच्यानं घ्यायचा न्हाई." त्या दिवसापासून ताईंवर माझा फार जीव जडला.

तीन वर्षांनी, गेल्या महिन्यात, ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी मला नेमा, हा आग्रह त्यांचाच. निरोपाच्या चहाला साहेबांनी विचारलं, "ताई, एवढ्या जणांत ह्यालाच का?"

"त्यो टँकर यानंच आडवला हुता, सायेब. कुठं आडतं ते याच्याएवढं कुनाला म्हाईत?"

साहेबांचा कप हवेतच राहिला. ताईंनी मात्र शांतपणे बिस्कीट चहात बुडवलं. माझ्या नेमणुकीच्या पत्रावर साहेबांची सही त्यांनी सकाळीच घेऊन ठेवली होती.